कानात कापूस घालून पाहिलेले तास

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, सकाळच्या दुसऱ्या तासाला, गोखिवऱ्यातल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पाचवीचा वर्ग चालू असताना सरांनी हात वर केला. ते तिथे निरीक्षक म्हणून बसले होते. तास चालू असताना निरीक्षकाने तोंड उघडायचं नाही, हा नियम त्यांनीच घातलेला होता. मी त्यांच्याबरोबर काम केलं त्या सगळ्या काळात त्यांनी तो मोडल्याचं हे एकच उदाहरण मला माहीत आहे.

सर इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांना प्रशिक्षण देत. वसई-विरारमधल्या खासगी शाळा आपले शिक्षक आमच्याकडे पाठवत. वसई गावात, किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. त्या खोल्या आणि वेळापत्रक मी सांभाळत असे. शाळांची अपेक्षा साधी असे: आमच्या शिक्षकांचं इंग्रजी सुधारून द्या. सर पहिल्याच दिवशी सांगत की ते काम त्यांचं नाही.

"तुमचं इंग्रजी मला चालतं," ते म्हणत. "तुम्हाला एकमेकांचं चालतं का, ते आपण बघू."

समोर बसलेल्यांत सगळ्या प्रकारचे लोक असत. वसईच्या गावांतल्या ख्रिस्ती शिक्षिका, केरळमधून आलेल्या, उत्तर प्रदेशातून आलेले, कोकणातल्या आणि देशावरच्या कुटुंबांतले, मुंबईत शिकून इकडे फ्लॅट घेतलेले. पहिल्या दिवशी हे लोक आपापल्या माणसांबरोबर बसत आणि शक्यतो मराठीत किंवा हिंदीत बोलत. इंग्रजीच्या शिक्षकांच्या खोलीत इंग्रजी बोलायला सगळे घाबरतात, हे मी तिथे पाहिलं.

सर स्वतः सोलापूरकडचे. वसईत येऊन त्यांना अनेक वर्षं झाली होती, पण त्यांचं इंग्रजी सोलापूरकडचंच राहिलं होतं. सर ते मोठ्या आवाजात, भरभर बोलत आणि महत्त्वाच्या प्रत्येक शब्दाला टेबलावर मूठ आपटत. नवे शिक्षक पहिली दोन वाक्यं ऐकून एकमेकांकडे बघत. सर त्यासाठी थांबत.

"बघून झालं? मग पुढे जाऊ."

जेवणाच्या सुट्टीपर्यंत 'चूक' हा शब्द उच्चारायला बंदी होती. दोनच प्रश्न विचारायची मुभा होती: 'कळलं का?' आणि 'कुणाला नाही कळलं?' जो दुसऱ्याचं इंग्रजी दुरुस्त करेल त्याला शिक्षा होती. ज्याला दुरुस्त केलं त्याच्या गावाबद्दल, त्याच्याच तोंडून, इंग्रजीत, मध्ये न बोलता ऐकून घ्यायचं. पुढे लोकांना ही शिक्षा आवडू लागली. काही जण मुद्दाम दुरुस्त्या करायला लागले. तेव्हा सरांनी ती बंद केली आणि आठवडाभर कोणाशी धड बोलले नाहीत.

दुसरी बंदी नक्कल करण्यावर होती. एका तुकडीत नालासोपाऱ्याचा एक शिक्षक होता, बोलण्यात हुशार, सगळ्यांचा लाडका. चहाच्या वेळी त्याने आपल्या शाळेतल्या केरळच्या बाईंची नक्कल केली. हुबेहूब केली. खोली हसली. सर कपात पाव बुडवत होते. त्यांनी मान वर केली.

"छान. काय म्हणत होत्या त्या?"

"म्हणजे, सर?"

"तू त्यांचं बोलणं करून दाखवलंस ना? मग त्या काय सांगत होत्या?"

शिक्षकाला आठवेना. सूर अगदी अचूक लक्षात होता. मजकूर गेला होता.

"उद्या विचारून ये," सर म्हणाले आणि पाव संपवला.

दुसऱ्या दिवशी तो विचारून आला. वर्गातल्या एका मुलीला फळा दिसत नाही, तिला पुढच्या बाकावर बसवा, असं बाई स्टाफरूममध्ये सांगत होत्या. मुलगी तोपर्यंत मागच्याच बाकावर होती. त्या शिक्षकाने हे सगळ्यांसमोर सांगितलं आणि खाली बसला. सरांनी फळ्यावर पुढचा विषय लिहिला.

रविवारी दुपारनंतर ते राजोडीला जात. समुद्र पाहायला नव्हे. किनाऱ्यावर सहलीला आलेल्या लोकांचं इंग्रजी ऐकायला. सुरूच्या झाडांखाली, खाण्याच्या टपऱ्यांच्या जवळ, एका प्लास्टिकच्या खुर्चीवर ते बसत. वेगवेगळ्या ठिकाणची माणसं एकमेकांशी कामापुरतं इंग्रजी कसं जुळवून घेतात, हे त्यांना ऐकायचं असे. एकदा मी बरोबर होतो. एक गुजराती कुटुंब आणि एक तमिळ कुटुंब गाडी वाळूत रुतल्यावर एकमेकांना सूचना देत होती. गाडी निघाली. सर टाळ्या वाजवत उठले. त्या लोकांना वाटलं, हा म्हातारा थट्टा करतोय. मी मध्ये पडून समजावलं. परतताना रिक्षात सर एवढंच म्हणाले, "इंग्रजीला गाव असतं. ज्याला गाव नाही असं इंग्रजी कुठं राहतं, ते मला एकदा कोणी दाखवा."

यावरून त्यांना सगळंच चालत होतं असा समज झाला असेल, तर तो बरोबर नाही. लेखी कामात ते निर्दय होते. एका शिक्षिकेने विचारलं, "म्हणजे सर, पोरांनी पेपरात काहीही लिहिलं तरी बरोबर धरायचं?" त्यावर त्यांनी अर्धा तास सुनावलं. बोर्डाच्या पेपरात बोर्डाचं इंग्रजी लिहायचं. ते मुलाला आलंच पाहिजे, नाही आलं तर दोष शिक्षकाचा. पण ते शिकवताना त्याच्या तोंडातलं इंग्रजी हिसकावून घ्यायचं नाही. "नवा शर्ट द्यायचा म्हणून अंगावरचा फाडायचा असतो का?" असं त्यांनी विचारलं होतं. त्याच तुकडीत मुंबईच्या नामांकित शाळेत शिकलेली एक तरुणी होती. ती बोलायला लागली की बाकीचे 'आली मॅडम' म्हणून कुजबुजत. सरांनी ते ऐकलं आणि सगळ्यांना झापलं. "तिचं इंग्रजी पण कुठल्यातरी गल्लीतलंच आहे. तिलाही हसायचं नाही."

आता कापसाबद्दल.

प्रशिक्षणानंतर सर शिक्षकांचे तास पाहायला शाळांमध्ये जात. वर्गात शिरले की ते खुर्ची फळ्याच्या बाजूला ओढून घेत, मुलांकडे तोंड करून बसत आणि शिक्षिकेकडे पाठ करत. मग खिशातून कापूस काढून दोन्ही कानांत बोळे घालत. तास संपेपर्यंत ते मुलांच्या हातांकडे बघत. इंग्रजीतून सूचना द्यायच्या आणि मुलांनी त्याप्रमाणे काहीतरी करायचं, कागदाची घडी, चित्र, नकाशा, असा तास घ्यायला ते शिक्षकांना सांगत. हात चालले तर इंग्रजी पोचलं. नाही चालले तर नाही पोचलं.

विरारच्या एका शाळेत त्यांनी पहिल्यांदा असा कापूस घातला, तेव्हा त्यांचा कान दुखतोय असं सगळ्यांना वाटलं. मधल्या सुट्टीत तिथल्या मावशी वाटीत तेल कोमट करून घेऊन आल्या. सरांनी कान दुखत नाही असं न सांगता तेल घालून घेतलं. मावशींना वाईट वाटलं असतं, असं ते नंतर म्हणाले.

मी त्यांना विचारलं होतं, की ऐकून मग ठरवलं तर काय बिघडतं. त्यांचं उत्तर मी त्याच दिवशी लिहून ठेवलं, म्हणून ते जसंच्या तसं देता येतं. "माझा कान अजून खवचट आहे. इतकी वर्षं हेच शिकवतोय, तरी कोणाचा उच्चार वेगळा आला की तो टवकारतो. मग मी बाईंना ऐकत बसतो आणि पोरं राहून जातात. म्हणून त्याला बाहेर बसवतो."

जानेवारीत गोखिवऱ्याच्या त्या शाळेतून निरोप आला. शाळेत पाचवीला इंग्रजी शिकवणाऱ्या वैशाली टीचर आमच्याच एका तुकडीतून गेल्या होत्या. खाडीकाठच्या गावातल्या, भातशेतीवाल्या घरच्या. घरात शिक्षिका झालेल्या त्या पहिल्या. शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यांनी इंग्रजीत सूत्रसंचालन केलं. त्याची छोटी चित्रफीत कोणीतरी पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकली. खाली हसण्याची चिन्हं आली. मग काही पालकांनी शाळेला विचारलं, की आम्ही फी भरतो ती गावठी इंग्रजीसाठी का. दोन पालक मुलांना दुसऱ्या शाळेत घालण्याचं बोलून गेले.

वैशाली टीचरचा करार दर वर्षी एप्रिलमध्ये नवा होत असे. या वेळी वर्ग काढून घेतला, तर करार होणार नव्हता. हे त्यांना स्पष्ट सांगितलं गेलं होतं. त्यांना घरून रोज जाता-येता येईल अशी दुसरी इंग्रजी शाळा जवळपास नव्हती.

संस्थेचे सचिव आम्हाला भेटायला वसईला आले. साठीचे गृहस्थ, तिथल्याच जुन्या गावातले. शाळा त्यांच्या वडिलांच्या जमिनीवर उभी होती. ते रागावलेले नव्हते. अवघडलेले होते.

"सर, तुमी फक्त लिहून द्या," ते म्हणाले. "बाईंचं इंग्लिश चालेल की नाय चालेल. तुमी मोठे मानूस. तुमचं कोनी मोडनार नाय."

"चालेल असं लिहिलं तर?"

"तर पालक मला खातील."

"आणि नाही चालणार असं लिहिलं तर?"

सचिवांनी टेबलावरचं पाणी घेतलं. "बाई चांगल्या आहेत, सर. पोरांचा जीव आहे त्यांच्यावर. पन आमी गावचे. आमचं जे झालं ते झालं. आज पन कलेक्टर ऑफिसात कोनी इंग्लिश बोललं की मी मागे सरतो. पोरांवर ती पाळी नको."

 मी सरांना मूठ आपटताना पाहायच्या तयारीत होतो. त्यांनी पिशवीतून केळी काढली, एक सचिवांपुढे ठेवलं, एक माझ्यापुढे.

"पालकांचा प्रश्न बरोबर आहे," ते म्हणाले. "मुलांना येतंय की नाही, हे त्यांना कळलं पाहिजे. मी लिहून काही देत नाही. तुम्ही माझ्याबरोबर तासाला बसा. माझ्यासारखे बसा."

"तुमच्यासारखं म्हंजे?"

सरांनी खिशातला कापूस दाखवला. सचिवांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी सकाळी आम्ही शाळेत पोचलो. वर्गाबाहेर वैशाली टीचर उभ्या होत्या. इस्त्रीची साडी, हातात खडू. सरांना बघून त्या जवळ आल्या.

"सर, सचिव पण बसणार?"

"बसणार. कापूस घालून."

"मग मला ऐकणार कोण?"

"पोरं," सर म्हणाले आणि आत गेले.

दोन खुर्च्या मुलांकडे तोंड करून ठेवल्या होत्या. दोघांनी बोळे घातले. मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो आणि माझे कान उघडे होते, म्हणून पुढचं मला सांगता येतं.

तास साधा ठरला होता. टीचरने इंग्रजीतून रस्ता सांगायचा आणि मुलांनी शाळेच्या फाटकापासून रिक्षास्टँडपर्यंतचा नकाशा काढायचा. टीचर बोलायला लागल्या. पण तो आवाज त्यांचा नव्हता. त्या मोबाइलवरच्या कुठल्यातरी व्हिडिओतल्यासारखं बोलत होत्या, जीभ वळवून, शब्द गिळून, मोठी मोठी वाक्यं. नंतर त्यांनी सांगितलं की दोन आठवडे घरी स्वयंपाक करताना त्या याचा सराव करत होत्या. सचिव कानात कापूस घालून बसणार हे माहीत असूनही, ते वर्गात बसलेत म्हटल्यावर त्यांना आपल्या आवाजात बोलवेना.

मुलांनी पेन्सिली उचलल्या. फाटक काढलं. मग पेन्सिली थांबल्या. एकाने शेजाऱ्याच्या कागदात पाहिलं. शेजाऱ्याच्या कागदावरही फाटकच होतं. पुढच्या बाकावरची मुलगी टीचरच्या तोंडाकडे एकटक बघत राहिली. टीचरने तेच वाक्य पुन्हा, आणखी वळवून म्हटलं. सगळा वर्ग हात कागदावर ठेवून बसला होता.

सचिवांनी सरांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं. पालक म्हणत होते ते खरं निघालं, याचं वाईट वाटल्यासारखे ते दिसत होते. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि उठायला खुर्चीच्या दांडीवर हात ठेवला.

तेव्हा सरांनी हात वर केला. शाळेतल्या मुलासारखा, सरळ, बोट ताठ.

टीचर थांबल्या. "येस, सर?"

सरांनी कापूस काढला नाही. कान बंद असल्यामुळे ते नेहमीपेक्षाही मोठ्याने बोलले. "टीचर! आय अॅम नॉट फॉलोइंग! आय अॅम न्यू बॉय फ्रॉम सोलापूर! टेल मी लाइक यू टेल दीज पीपल डेली!"

 मग मागच्या बाकावरून कोणीतरी फिस्सकन हसलं आणि वर्ग फुटला. मुलं बाकांवर हात आपटून हसत होती. टीचरने तोंडावर खडूचा हात धरला, त्याही हसल्या, आणि त्यांच्या ओठाला पांढरं लागलं. शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन बघून गेल्या.

हसणं ओसरल्यावर टीचरने पदर खोचला.

"ओके. न्यू बॉय, लिसन. ऑल लिसन. कम आउट फ्रॉम गेट. गो स्ट्रेट-स्ट्रेट. डोन्ट टर्न. यू विल सी टायर शॉप, नो? दॅट अंकल हू शाउट्स. देअर यू टर्न लेफ्ट."

"टीचर, अंकल पण काढू?" एका मुलाने विचारलं.

"ड्रॉ अंकल. ड्रॉ शाउटिंग अंकल."

पेन्सिली चालू झाल्या. डावीकडे वळण आलं, नाला आला, पिंपळ आला, रिक्षांची रांग आली. टीचर बाकांमधून फिरत बोलत होत्या, बोलताना हाताने वळणं दाखवत होत्या. आपल्यामागे कोण बसलंय याकडे त्यांचं लक्ष उरलं नव्हतं.

सचिव परत खुर्चीत टेकले. ते मुलांच्या हातांकडे बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी एका कानातला बोळा काढला आणि मुठीत धरला. मग दुसराही. सरांनी ते पाहिलं.

तास संपता संपता सचिव उठले आणि पुढच्या बाकावरच्या मुलीपाशी जाऊन वाकले. तिच्या नकाशावर टायरचं दुकान होतं, ओरडणारा अंकल होता. टायरच्या दुकानामागे सचिवांची भाजीच्या रोपांची शेड आहे, हे त्या परिसरात सगळ्यांना माहीत आहे. सचिवांनी नकाशावर बोट ठेवलं आणि इंग्रजीत विचारलं, "व्हेअर इज माय शेड?"

शाळेतल्या मुख्याध्यापिका दारात उभ्या होत्या. सचिवांना मुलांशी इंग्रजीत बोलताना त्यांनी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

"बिहाइंड ओन्ली, सर," मुलगी म्हणाली. "पेपर इज ओव्हर."

"देन टेक वन मोर पेपर," सचिव म्हणाले.

तिने कागद घेतला आणि शेड काढली. सचिव ती होईपर्यंत तिथेच उभे राहिले. "डोअर इज धिस साइड," ते म्हणाले. मुलीने दार खोडून दुसरीकडे काढलं.

बाहेर पडल्यावर व्हरांड्यात वैशाली टीचर सरांना म्हणाल्या, "सर, तुम्ही नियम मोडलात."

"मी कुठे निरीक्षक होतो? मी न्यू बॉय होतो."

"आणि कानात कापूस असताना तुम्हाला कसं कळलं, मी वेगळं बोलतेय?"

"तू काय बोलत होतीस ते मला अजूनही माहीत नाही," सर म्हणाले. "पोरं कागदाकडे बघायची सोडून तुझ्या तोंडाकडे बघत होती. एवढंच."

टीचर भिंतीला टेकल्या आणि त्यांनी मोठा श्वास सोडला. मग पदराने ओठावरचा खडू पुसला. त्यांचा पुढचा तास होता, त्या गेल्या.

सचिव आम्हाला रिक्षापर्यंत सोडायला आले. वाटेत टायरच्या दुकानासमोर दुकानदार कोणावर तरी ओरडत होता. सचिव त्याला पाहून एकटेच हसले.

मार्चमध्ये पालकसभा झाली. मी तिथे नव्हतो. हजर असलेल्या दोन शिक्षिकांनी स्वतंत्रपणे जे सांगितलं ते जुळतं: चित्रफितीचा विषय निघाला तेव्हा सचिव उभे राहिले, मी स्वतः त्या वर्गात बसलोय असं म्हणाले, आणि ज्यांना शंका आहे त्यांनी तासाला येऊन बसावं, असं त्यांनी सांगितलं. काही पालक आले. मुख्याध्यापिकांनी त्यांना मुलांकडे तोंड करून बसवलं. कापूस मात्र कोणाला दिला नाही. एका कुटुंबाने मुलाला शाळेतून काढलं. दुसऱ्याने काढलं नाही.

सरांनी त्यानंतर काम कमी केलं. आता ते आठवड्यातून एकदा येतात, दुपारपर्यंत थांबतात. 'चूक' या शब्दावरची बंदी कायम आहे.

वैशाली टीचरचा करार एप्रिलमध्ये नवा झाला. जूनपासून त्यांच्याकडे पाचवी आणि सहावी, दोन्ही वर्गांचं इंग्रजी आहे.